बाबागाडी राहू दे

शिरपामाळ रस्ता, जव्हार
६ ऑक्टोबर २०२४

चि. योगिता हिस,
मामाचे आशीर्वाद.

घरात फोन असताना मामाला कागद का सुचला, असं तुला वाटेल. त्याला कारण तुझी मामी. मी फोन लावला की ही हातातलं टाकून येते आणि म्हणते, स्पीकर लावा. मग तुझ्याशी मी बोलतो की ती, हे तुलाही कळत नाही आणि मलाही. हे काम तिच्या कानावर न घालता करायचं आहे. म्हणून ठाण्याच्या गाडीवर आपला चंदू कंडक्टर असतो, त्याच्याकडे नागलीच्या पिठाच्या पिशवीत ही चिठ्ठी घालून देतोय. उत्तरही त्याच्याच हाती दे. खोपटच्या एसटी स्टँडवर गाडी लावून तो चहाला बसतो, तेव्हा गाठ.

काम असं. श्रावणात आपल्याकडे ठाण्याची मंडळी उतरली होती. नवरा, बायको आणि वर्षाचं पोर. बाईंचं नाव केतकी. पोराचं कियान की कायसं. तुझी मामी त्याला किन्या म्हणाली, ते हसलं, म्हणून तेच ठरलं. एक रात्र राहिले आणि गेले. गेल्यावर बघतो तर पडवीत पोराची बाबागाडी. तीन चाकांची, वर छत्री, पाण्याच्या बाटलीला वेगळी खोबण. आपल्या रस्त्यावर ती धड अंगणाबाहेर गेली नव्हती, पोर सगळा वेळ मामीच्या कडेवर. लगेच फोन केला, म्हटलं, ताई, गाडी राहिली. बाई म्हणाल्या, "अय्या, हो का? राहू दे."

राहू दे म्हणाल्या म्हणून ठेवली. दुसऱ्या खोलीत, वर चादर घालून. गणपती गेले, घट बसले, कुणी न्यायला आलं नाही. फोन केला तर आता उचलत नाहीत. नाताळात पाहुण्यांना दोन्ही खोल्या लागतात, गाडी मध्येच उभी. गाडीच्या पिशवीवर कुरिअरची चिठ्ठी चिकटलेली आहे, तिच्यावरचा पत्ता मागे लिहिला आहे. उमेशराव त्याच भागात पार्सलं वाटतात ना? जरा चौकशी करा, गाडी कधी नेणार म्हणून.

बाकी धंदा बरा. पण या लोकांचं मला काही कळत नाही. परवा एक नवरा-बायको जेवले. त्यानं त्याच्या थाळीचे पैसे त्याच्या फोनवरून दिले, तिनं तिच्या थाळीचे तिच्या फोनवरून. मामी आत येऊन मला म्हणते, "फारकत झालीय बिचाऱ्यांची, तरी एका ताटाला बसली, बेस आहे." मी म्हटलं, अगं, नव्या लग्नाचे आहेत. आता खरं काय ते तू सांग.

तुझं माहेर हेच आहे, दिवाळीला ये. भाऊबीजेला मामाला ओवाळायची तुझी जुनी सवय मोडू नकोस.

तुझा,
देवानंदमामा

*

ठाणे
१४ ऑक्टोबर २०२४

ती. मामास,
योगिताचा नमस्कार.

पीठ मिळालं. चिठ्ठी वाचून मी एवढी हसले की उमेश आंघोळ सोडून बाहेर आला.

मामा, फारकत नाही हो. इथं नवरा-बायको पैसे वेगळेच ठेवतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे दोघं दूधसुद्धा आळीपाळीनं आणतात, आणि कुणाची पाळी यावर भांडतात. दुधावरून इतकी भांडणं मी गाईच्या मालकांचीसुद्धा बघितली नव्हती.

आता बाबागाडी. शहरात "राहू दे" म्हणजे काय, ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. म्हणजे नको आहे. ठेवून घ्या, फेकून द्या, काय वाटेल ते करा, मला त्रास देऊ नका. त्या बाईंनी तुम्हाला गाडी देऊन टाकली आणि तुम्ही तिला चादर घालून बसलात. आता दुसरी घेतलीसुद्धा असेल. फोन उचलत नाहीत कारण ओळखीचा नंबर नसला तर इथं कुणी फोन उचलतच नाही.

माझ्या दुकानात तुम्ही एक दिवस तोलायला उभे राहा, मग सगळं कळेल. काचेच्या भिंतींचं भाजी-फळांचं दुकान, आत थंडगार. बाई येते, परदेशातलं फळ घेते, त्याची किंमत बघतसुद्धा नाही. मग मला म्हणते, "कढीपत्ता फ्री ना?" नाही म्हटलं तर फळासकट सगळं ठेवून जाते. पिशवीचे पैसे वेगळे पडतात म्हणून एक काका अंडी, दही आणि पपई छातीशी धरून चालत गेले. दारात पपई वाचली, अंडी गेली. आत येऊन त्यांनी दुसरी अंडी घेतली. पिशवी नाहीच घेतली.

उमेशचं तर विचारू नका. एक बाई एकाच चपलेचे तीन आकार मागवते, एक ठेवते, दोन परत देते. पायाचं माप घ्यायला तिला टेप मिळत नाही का, म्हणून तो तिच्या दारात कुरकुरला, तर ती म्हणाली, "भैया, वो भी मंगवाया था, रिटर्न कर दिया."

तेव्हा गाडी विकून टाका. फोटो पाठवा, उमेश फोनवर टाकेल, चांगले पैसे येतील. मला वाटतं तुमच्या मनात तेच आहे आणि मामीला कळू नये म्हणून तुम्ही कंडक्टरला कामाला लावलंय.

दुकानात हल्ली त्या थंड हवेत पिकलेल्या पेरूंचा वास कोंडतो, डोकं उठतं. दुसरं काही नाही.

तुमची,
योगिता

*

शिरपामाळ रस्ता
१० नोव्हेंबर २०२४

चि. योगितास आशीर्वाद.

दिवाळीला आली नाहीस. दुकानात सुट्टी नाही म्हणालीस. दिवाळीत भाजीच्या दुकानाला सुट्टी नसते हे मला पटलं, पण भाऊबीजेला फोनवर बोलता बोलता तू मध्येच उठलीस आणि नळ सोडलास. कितीतरी वेळ पाणी वाहत होतं. मामाचे कान तुला ठाऊक आहेत. शिरपामाळावर शेंगा विकायचो तेव्हा गाडीचा आवाज ऐकून सांगायचो, आत घेणारे आहेत की नुसते बघणारे. नळाचा आवाज कशाला सोडतात, ते मला कळतं. उमेशरावांशी काही बिनसलंय का? असेल तर लिही. आत्ता एवढंच.

आता तुझ्या शहाणपणाचं उत्तर. गाडी मी विकणार नाही. तू आश्रमशाळेत शिकलीस, ठाण्याला गेलीस, आणि "राहू दे" कशाला म्हणतात ते विसरलीस? दिवाळी झाली, शेजारची पोशी आणि तुका परवा भिवंडीकडे वीटभट्टीवर मजुरीला, जगायला गेले. जाताना पोशीनं तिची तांब्याची हंडी, पाटा आणि दोन कोंबड्या आपल्याकडे आणून ठेवल्या आणि म्हणाली, "राहू दे, भाऊ." झालं. आता होळीला ती येईपर्यंत त्या हंडीत आपल्या घरातलं कुणी पाणी तापवणार नाही. कोंबडीनं अंडं दिलं तर ते उबवायला बसवायचं, पिल्लं पोशीची. आपल्याकडे राहू दे म्हणजे मी येतोय. ज्याला यायचंच नाही तो "घे" म्हणतो. दोन वेगळे शब्द असताना शहरातल्या माणसाला एकाच शब्दात दोन्ही कामं का करावी लागतात? शब्दांचेही पैसे पडतात का तिकडे?

त्या बाई "घे" म्हणाल्या नाहीत. मी परत परत आठवून बघितलं.

इथली गंमत सांगतो. आता जो येतो तो विचारतो, "चुलीवरचं आहे ना?" गॅसवरचं म्हटलं की तोंड पाडतात. धंद्यातून पहिले चार पैसे सुटले तेव्हा मी तुझ्या मामीला गॅस आणला होता, तिचा खोकला बघवत नव्हता म्हणून. आता पाहुण्यांना दिसेल अशी पडवीत चूल मांडली आहे. धुराचे जास्त पैसे देतात. मी युक्ती केली. भाकऱ्या आत गॅसवर भाजतो आणि बाहेर चुलीत नुसती दोन लाकडं धुमसत ठेवतो. काल एक साहेब भाकरी तोंडात घालून डोळे मिटून म्हणाले, "हा स्मोकी फ्लेवर गॅसवर येतच नाही." मामी आत तोंडात पदर कोंबून बसली होती.

हसली, ते बरं वाटलं. हल्ली हसत नाही.

ते जाऊ दे. गाडी त्यांनी नेली नाही तरी चालेल, तू फक्त जाऊन ये. पत्त्यावर जा, दार वाजव, पोर बघून ये. नुसतं बघायचं. चालतं का, हसतं का, एवढंच.

मामा

*

ठाणे
२४ नोव्हेंबर २०२४

ती. मामास नमस्कार.

मामा, तुम्हाला गाडीचं काम आहे की पोराचं? आधी म्हणालात, गाडी कधी नेणार ते विचारा. आता म्हणता, गाडी राहिली तरी चालेल, पोर हसतं का ते बघ. दुसऱ्याचं पोर हसतं का, हे बघायला मी कोण म्हणून जाऊ?

तरी गेले. रविवारी उमेशला घेऊन. मोठा टॉवर आहे, खाली कारंजं. आम्ही मोकळ्या हातांनी गेलो तर वॉचमननं अडवलं. मग उमेशनं त्याच्या पार्सलच्या गाडीतून एक रिकामं खोकं आणलं, खांद्यावर घेतलं, तर त्यानं स्वतः लिफ्टचं बटण दाबून दिलं. इथं माणसापेक्षा खोक्याला लवकर आत घेतात.

वर कुलूप होतं. शेजारच्यांनी दार उघडलंच नाही, आतूनच "रख दो बाहर" म्हणाले. खाली येऊन वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "वो लोग तो चले गए, दशहरे के बाद." कुठं, ते त्याला ठाऊक नाही. मी म्हटलं, छोटं बाळ होतं ना त्यांचं? तर म्हणाला, "हाँ, बच्चे का सब सामान नीचे रखवा के गए. पालना, कपड़ा, खिलौना, सब. बोले, जिसको चाहिए ले जाए."

मामा, सगळं. कपडेसुद्धा.

मी त्याला पुढचं विचारणार होते, पण जीभ उचलेना. उमेशनं विचारलं, "बच्चा ठीक था ना?" वॉचमन म्हणाला, "हमको क्या मालूम भाई, हम तो नाइट में रहते थे तब." तेवढ्यात एक पिझ्झावाला आला आणि तो त्याच्याकडे वळला.

आधी मला हसू येत होतं, आता येत नाही. पाळणा, कपडे सगळं कोण ठेवून जातं? उमेश म्हणतो, इथं लोक असंच करतात, तो रोज बघतो, नवीन घर म्हणजे नवीन सगळं. असेल. पण रात्रभर मला ती चादर घातलेली गाडी दिसत होती आणि मी तर ती बघितलेलीसुद्धा नाही.

मामीला यातलं काही सांगू नका. आणि खरं सांगा, तिला त्या पोराचं काय लागून राहिलंय?

नळाचं म्हणाल तर उमेशशी काही बिनसलेलं नाही. नळ नळासाठीच सोडला होता.

योगिता

*

शिरपामाळ रस्ता
८ डिसेंबर २०२४

चि. योगितास आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मी तिसऱ्या वेळी वाचली तेव्हा मामी मागे उभी होती. तिला अक्षर लागत नाही, पण माझी पाठ वाचता येते. म्हणाली, "काय झाला? पोऱ्या कठं आहे?" मी म्हटलं, पोर मजेत आहे, चालायला लागलं. तिनं जाऊन गाडीवरची चादर काढली आणि स्वतःचं धुवट लुगडं घातलं.

तू खरं विचारलंस म्हणून लिहितो. हे तुझ्या आईला ठाऊक होतं, तुम्हा पोरांना कधी सांगितलं नाही.

हेमंतच्या आधी आम्हाला एक मुलगा होता. तुझी मामी जव्हारजवळच्या वांगणीची. तिकडे ब्याण्णव-त्र्याण्णवच्या साली कुपोषणानं पोरं गेली, ते तू शाळेत ऐकलं असशील. मी तेव्हा वसईकडे वाळूच्या बोटीवर जगायला गेलो होतो आणि ही पोराला घेऊन माहेरी होती. मी आलो तोवर सगळं आटपलं होतं. हिला न्यायला गेलो. निघताना तिच्या आईनं पोराची झोळी घडी करून पुढे केली, म्हणाली, ने, पुढे लागेल. ही म्हणाली, "राहू दे." आणि चालू लागली. ती झोळी आणायला आम्ही परत गेलो नाही. हेमंत दुसऱ्या झोळीत वाढला, आता नाशकात कंपनीत आहे, पण त्या झोळीचं नाव घरात कधी निघालं नाही.

आता कळलं? मला वाटत होतं, "राहू दे"चा अर्थ एकच आहे. तू म्हणालीस, शहरात दुसरा आहे. पण तुझी मामी ऐकते तो तिसराच. पोराची गाडी कुणी मागे ठेवतं, फोन उचलत नाही, न्यायला येत नाही. तिच्या लेखी याला एकच कारण असतं. मी तिला समजावतो की ही माणसं पायातल्या चपलासुद्धा विसरून जातात, मागच्या महिन्यात एकजण अख्खा तंबू सोडून गेला. ती म्हणते, "चपला वेगळ्या."

गाडीजवळून जाताना तिचा पदर लागून ती हलली तर हातानं धरून थांबवते. रिकामी हलू द्यायची नाही म्हणते.

मी एवढा धंदा केला, शेंगांपासून दोन खोल्यांपर्यंत आलो. गिऱ्हाईक काय घेणार ते मला तोंड उघडायच्या आत कळतं. पण ते काय टाकून जाणार आणि का, हे मला मुळीच कळत नाही. वॉचमननं सांगितलं ते वाचून तर माझीच खात्री डळमळली.

पोर शोध, योगिता. गाडी गेली खड्ड्यात.

आणि तुझं ते नळासाठी नळ मला पटलेलं नाही. उमेशरावांना सांग, मामा एकदा येऊन बसणार आहे त्यांच्यासमोर.

देवानंदमामा

*

ठाणे
१९ जानेवारी २०२५

ती. मामास आणि मामीस,
योगिताचा साष्टांग नमस्कार.

ही चिठ्ठी मामीसमोर वाचायला हरकत नाही. तशीही तिनं परवा दुपारी फोनवर काय ऐकलं ते तुम्हाला सांगितलंच असेल. तुम्ही म्हणे बाजारात होता. पण अलीकडच्या बाजूला काय झालं ते तिला दिसलं नाही, म्हणून सगळं लिहिते.

परवा दुकानात एक बाई आली. ट्रॉलीत पोर बसवलेलं, त्याच्या दोन्ही मुठीत स्ट्रॉबेरी, पैसे द्यायच्या आधीच तोंड लाल. ती बिल करायला आली आणि पोराला म्हणाली, "कियान, नो. आंटीला तोलू दे." माझ्या हातातलं वजन काट्यावर आपटलं. मी विचारलं, "मॅडम, तुम्ही श्रावणात जव्हारला गेला होता?" ती म्हणाली, "हो, का? तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, तुमची बाबागाडी आमच्या मामांकडे आहे. ती जरा आठवत राहिली. मग म्हणाली, "ओह, ती! अजून आहे? अहो, राहू दे ना."

मामा, मी काट्यावरून उठले. माझ्यामागे रांग होती, मालक बघत होता. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही राहू दे म्हणालात, म्हणून त्यांनी ती जपून ठेवली आहे. तुम्ही न्यायला येणार म्हणून. मामी रोज विचारते, पोर बरं आहे का."

"माझ्या मुलाबद्दल?" ती म्हणाली. "पण का?"

मी सांगितलं. सगळं नाही. एवढंच की आमच्याकडे पोराची वस्तू कुणी उगाच मागे ठेवत नाही. मागच्या बाईनं "जरा पटपट" म्हटलं तेव्हा तिनं ट्रॉली बाजूला घेतली.

मग तिनं सांगितलं. काही झालेलं नव्हतं. नवीन घर घेतलं, त्याआधी पैसे देऊन एक बाई बोलावली. ती घरातलं सामान कमी करायला शिकवते. ती म्हणाली, पोराचं लहानपणचं सगळं काढून टाका, घर हलकं होईल. यांनी काढलं. घर हलकं झालं. मग रिकामं वाटायला लागलं म्हणून परत सगळं घेतलं. गाडीसुद्धा दुसरी घेतली, कारण पहिली नव्या मोटारीच्या डिकीत बसत नव्हती. हे ती मला सांगत होती आणि सांगता सांगता तिलाच ते कसं तरी वाटत होतं. म्हणाली, "ऐकायला वेडेपणा वाटतो ना?" मी म्हटलं, मी रोज काट्यावर असते मॅडम, मला वाटत नाही.

तेव्हाच मी फोन लावला आणि मामीनं उचलला. मी फोन पोराच्या तोंडाशी धरला. मामी म्हणाली, "किन्या, दात आला का रं?" तो म्हणाला, "नो." मामी म्हणाली, "मग चावतोस काय तिकडं?" तिला चावण्याचा आवाज ऐकू आला होता. तुमच्यासारखेच कान झालेत तिचे. मग मला वाटलं फोन कट झाला. पण कट झालेला नव्हता. मामा, तिकडं नळ सोडल्याचा आवाज येत होता.

केतकी मॅडम म्हणाल्या, "मी काय करू? काही पाठवू का त्यांना? नंबर द्या, मी लगेच पैसे टाकते." मी नको म्हटलं. मग त्या दुकानात परत गेल्या आणि नागलीच्या बिस्किटांचे डबे घेऊन आल्या, एकावर एक, हनुवटीपर्यंत. आमच्या नागलीचे, पाकिटात घातलेले, सोन्याच्या भावाचे. पिशवीसुद्धा घेतली. त्यांना काहीतरी द्यायचं होतं आणि काय द्यावं ते सुचत नव्हतं, म्हणून त्या विकत घेत होत्या. मी थांबवलं नाही. डबे चंदूकाकांकडे दिलेत. हसू नका, नागली जव्हारला परत येतेय.

आता नळ. मामा, तुम्ही उमेशसमोर येऊन बसणार म्हणून तो दीड महिना घाबरून आहे. त्याचा काही दोष नाही, किंवा असेल तर तेवढाच. मागच्या वर्षी एकदा आशा लागली होती आणि चौथ्यात गेली. तुम्हाला सांगितलं नाही. या वेळी पाचवा लागल्याशिवाय कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं. दिवाळीला डॉक्टरीण घाटातून एसटीनं जाऊ नको म्हणाली होती, आणि नळ सोडला तो तुमच्या कानांना ओकारी कळू नये म्हणून. मामीला तर मी मुद्दाम सांगितलं नाही. तिचं पहिलं ठाऊक नव्हतं तरी का कोण जाणे, तिला सांगायला जीभ उचलत नव्हती. आता पाचवा लागला.

दुकानातल्या बायका मला विचारतात, काय काय घेतलंस? मी काहीच घेतलेलं नाही. त्यांच्या फोनवर याद्या असतात, पोर जन्मायच्या आधी काय लागतं त्याच्या. उमेश त्यातलं अर्धं परत नेतो, हे मी त्यांना सांगत नाही.

मॅडमना मी जाताना विचारलं, गाडीचं नक्की काय करू? त्या या वेळी जरा विचार करून म्हणाल्या, "घे."

तेव्हा मामा, ती गाडी आता राहू दे. कुणाच्या भाषेतलं, ते मामीला विचारा.

तुमची,
योगिता

*

शिरपामाळ रस्ता
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. योगितास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मी मोठ्यानं वाचली. "राहू दे"पाशी आलो आणि अडलो. बाईंनी गाडी दिली हे कळलं. पण तू कोणतं राहू दे लिहिलंस? नको आहे ते, की येतेय ते? मी मागचं पुढचं जुळवत होतो तोवर मामी उठलीसुद्धा. म्हटलं, अगं, थांब, मला अर्थ लागू दे. ती म्हणाली, "तुमचा लागू दे निवांत. पोरगी उन्हाळ्यात येतेय."

नळाच्या आवाजावरून मी तुझं भांडण ठरवलं होतं. उमेशरावांना सांग, मामा समोर बसणार नाही, शेजारी बसेल. हे कान आता चंदूला देऊन टाकावेत म्हणतो. मामी म्हणते, "घे" म्हणून द्या, नाहीतर सांभाळत बसेल.

फोन आला त्या दिवसापासून ती झोपते. पूर्वीसारखी घोरते. मी जागा राहून ऐकतो.

बिस्किटं मिळाली. मामीनं एक खाल्लं, उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, यात नागली आहे म्हणतात, मग चवीला कुठं गेली? उरलेली पाहुण्यांच्या चहाबरोबर ठेवतो. ते म्हणतात, गावाकडची ऑथेंटिक दिसतात.

लुगडं काढून तिनं गाडी धुतली. चाकात चिखल राहिला होता, आपल्याच अंगणातला, तो काडीनं काढला. पण रिकामी हलवायची नाही म्हणून तिच्यात नागलीची एक लहान पिशवी निजवली, वर छत्री ओढली, आणि आता दिवेलागणीच्या आधी ती अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलते. म्हणते, हात बसायला हवा, तिचा दांडा उंच आहे. एक चाक वाजतं. मी तेल घालू का विचारलं, नको म्हणाली, पोर उठलं की नाही ते कळतं.

काल ठाण्याचे दोघं शिरपामाळ बघून आले होते. बाईनं अंगणात हे बघितलं. तीन चाकांची गाडी, आत नागली, आणि लुगडं नेसलेली तुझी मामी. तिनं फोटो काढला, नवऱ्याला हाक मारली, आणि मला विचारलं, "किती क्यूट. ही विकायची आहे का? पिशवीसकट?" सवयीनं माझ्या तोंडात आकडासुद्धा आला होता, खोटं कशाला बोलू.

मामीनं गाडी वळवली आणि तिच्याकडे न बघताच म्हणाली, "राहू दे."

त्या बाईला वाटलं, पैसे राहू दे म्हणतेय, फुकट देतेय. ती पिशवी उचलायला वाकली. मी मध्ये गेलो.

तुझा,
देवानंदमामा